जोते किती उंच घ्यावे?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. दोहोंत हातचा पैसा पुरत नाही, पाहुणे नावे ठेवतात आणि एकदा केलेले सहजासहजी मोडता येत नाही, असा त्या म्हणीचा अर्थ आपण लावतो. शिरोळ तालुक्यात मात्र घर बांधणाऱ्याला आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, आणि ते गवंड्याला पहिल्याच दिवशी द्यायचे असते : जोते किती उंच घ्यायचे? तीन फूट, पाच फूट, की माणूसभर? वरवर पाहता हा मुरूम, दगड आणि सिमेंट यांच्या हिशेबाचा प्रश्न. पण त्याच्याकडे थोडा वेळ पाहत राहिले, म्हणजे त्यात शेजारी दिसू लागतो, घरातली म्हातारी दिसू लागते, आणि मग तो केवळ हिशेबाचा राहत नाही.

कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्या या एका तालुक्याच्या वाट्याला आल्या आहेत. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे कर्नाटकात जाते. एरवी याच पाण्यावर ऊस उभा राहतो, उसावर साखर कारखाने चालतात आणि उसाच्या बिलावर घरे उभी राहतात. तेच पाणी २००५ साली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये घरात शिरले. कच्च्या विटांच्या आणि मातीच्या भिंती पाण्यात काही दिवस उभ्या राहिल्या, की बसतात. पाणी ओसरल्यावर दाराची चौकट उभी आणि भिंत नाही, असे दृश्य अनेक गावांनी पाहिले. दोष कोणाचा, अलमट्टीच्या धरणाचा, नदीकाठच्या भरावांचा, की आभाळाचा, हा वाद दोन राज्यांत अजून चालू आहे. शासनाने निळी आणि लाल पूररेषा आखण्याची पद्धत घातली. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सोळा वर्षांत तीन वेळा चूल उचललेल्या बाईला हा हिशेब समजावून सांगण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

प्रभू येशूने सांगितलेला घर बांधणाऱ्या दोन माणसांचा दाखला आपल्याला पाठ आहे. एकाने खडकावर बांधले, दुसऱ्याने वाळूवर. लूकच्या शुभवर्तमानात तर नदीला पूर येऊन तिचा लोंढा घरावर आदळल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तो दाखला अर्थातच स्थापत्याचा धडा नव्हे. तरीही शिरोळच्या मातीत उभे राहून तो आठवला, की एक शंका मनात येते. खडक कोणाच्या वाट्याला येतो? नदीकाठची ही खोल काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर उथळ पाया घातलेली भिंत दोनतीन वर्षांत तडकते. पाया खाली खोल न्यावा, तर पैसा जमिनीतच संपतो. त्यातून पाण्याच्या अतिवापराने तालुक्यातली कितीतरी जमीन क्षारपड झालेली. मातीतला क्षार ओलीबरोबर विटांतून वर चढतो, भिंतीला लोणा लागतो आणि दिवाळीत दिलेला रंग शिमग्यापर्यंत पापुद्र्यांनी सुटतो. दाखल्यातल्या शहाण्या माणसाला निदान खोल खणल्यावर खडक लागला. ज्याला बापाच्या वाटणीत काळी मातीच आली, त्याच्या शहाणपणाचे काय?

आपल्या जुन्या गावांनी या प्रश्नाचे एक उत्तर शोधून ठेवले होते. काळी आणि पांढरी ही आपल्या भाषेतली जोडी फार अर्थपूर्ण आहे. काळी म्हणजे पिकवायची, पांढरी म्हणजे राहायची. गावठाण त्यातल्या त्यात उंचवट्यावर बसवले जाई. तिथे मातीची घरे बांधली जात, पडत, त्यांच्याच मातीवर पुढच्या पिढीची घरे उठत. आणि असे शेकडो वर्षे चालून गावाची जमीन हळूहळू वर येई. तिकडे दूर हॉलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, फ्रिसलँडमध्ये, समुद्राचे पाणी अंगणात येणाऱ्या लोकांनी दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी माती आणि शेण थरावर थर टाकून टेकाडे उभारली आणि त्यांवर गावे वसवली. दोन्हीकडे उंची एकाच्या मालकीची नव्हती.

पण इथे गतकाळाचे गोडवे गाण्याचा मोह आवरला पाहिजे. पांढरी सर्वांची होती, असे म्हणणे खोटे ठरेल. वेशीबाहेरच्या वस्त्यांना ती उंची मिळाली नाही. अनेक गावांत त्या सखलात होत्या, आणि पाणी प्रथम तिथे शिरे. तेव्हा उंचीची वाटणी आज प्रथमच विषम झाली आहे, असे नाही. एवढाच फरक, की पूर्वी ती जातीने ठरे, आज बऱ्याच अंशी ऐपतीने ठरते. आणि ज्यांना पूर्वी मिळाली नाही, त्यांतल्या पुष्कळांना आजही मिळत नाही.

आज गावे पांढरीबाहेर, काळीत पसरली आहेत. प्लॉट पाडले जातात आणि ज्याची त्याची उंची ज्याने त्याने विकत घ्यायची असते. एखादी गल्ली घ्या. एकाने २०१९ नंतर घर पाडून नवे बांधले आणि जोते पाच फूट घेतले. त्याच्या शेजाऱ्याने ते पाहून साडेपाच घेतले. मधल्या काळात रस्त्यावर मुरूम पडला, मग खडी, मग डांबर. रस्ताही फूटभर वर आला. आता या दोघांच्या मध्ये एक जुने कौलारू घर राहिले आहे. त्याचा उंबरा रस्त्याच्या खाली गेला. महापूर तर सोडाच, वळवाची एक जोरदार सर आली तरी दोन्हीकडचे पाणी त्या उंबऱ्यावरून आत उतरते.

इथे नेमके बोलले पाहिजे. एकाच्या पाच फूट जोत्यामुळे कृष्णेची पातळी वाढत नाही. महापुराचे पाणी एवढे अफाट असते, की त्यात एका घराचा भराव नगण्य ठरतो. तेव्हा उंच बांधणाऱ्याने शेजाऱ्याला बुडवले, असा आरोप अन्यायाचा होईल. परंतु गल्लीतल्या रोजच्या पाण्याची गोष्ट निराळी. ते कोणाच्या तरी अंगणातून वाट काढणारच. ती वाट आपण बुजवली, तर ते दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून जाईल, आणि हे आपल्याला बांधताना ठाऊक असते. पहिल्या बाबतीत आपण निर्दोष आहोत म्हणून दुसऱ्या बाबतीतही निर्दोष ठरतो, असे मानणे ही मनाची चलाखी आहे. गटार काढायला शंभर विटा आणि एक दिवसाची मजुरी लागते. पुष्कळदा ती टाळली जाते. कंजूषपणामुळे नव्हे, तर ते पाणी आता आपल्याला दिसत नाही म्हणून.

जोत्याची दुसरी बाजू घरातलीच आहे, आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. पाच फूट जोते म्हणजे साठ इंच. सहा इंचांची पायरी धरली तर दहा पायऱ्या. घरात सत्तरी ओलांडलेली आई असते, तिचे गुडघे गेलेले असतात. जुन्या घरात ती सकाळी सोप्यावर येऊन बसे, उन्हात तांदूळ निवडी. रस्त्याने जाणारा 'काय मावशी, बरं हाय न्हवं?' म्हणून थबके, भाजीवाली टोपली टेके, शाळेतून येणारी पोरे पाणी पिऊन जात. नव्या घरात तिला स्वतंत्र खोली आहे, पंखा आहे, खोलीला लागून संडास आहे. मुलाने काही कमी केलेले नाही. फक्त खाली उतरायचे तर दहा पायऱ्या आहेत, त्यांना कठडा नाही, आणि वर गुळगुळीत ग्रॅनाइट बसवलेला आहे. महिन्यातून एकदा डॉक्टरकडे न्यायचे, तेव्हा दोघे धरून उतरवतात. पुरापासून तिचे रक्षण झाले, आणि माणसांपासूनही झाले.

उतरता रस्ता करावा म्हणाल, तर चाकाच्या खुर्चीसाठी बारा फुटांना एक फूट चढ धरतात. पाच फूट चढायला साठ फूट लांबी हवी. प्लॉटच तीस फुटांचा असतो. म्हणजे या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. तीन फूट जोते घेतले तर आई उतरू शकेल आणि पाणी चढू शकेल. पाच फूट घेतले तर दोन्ही थांबतील. वीस वर्षांत तीनचार वेळा येणाऱ्या पाण्यासाठी एका माणसाचे रोजचे सात हजार दिवस बांधून ठेवावेत का? असा हिशेब मांडला की मुलगा चिडतो, आणि त्याचे चिडणे समजण्यासारखे आहे. त्याने चिखलात बुडालेली धान्याची पोती उपसलेली असतात. मला वाटते, इथे चूक उंचीची नाही. निर्णय घेताना आईला विचारलेच गेले नाही, ही आहे. गवंडी, इंजिनियर, मेहुणा, बँकेचा साहेब, सर्वांचा सल्ला झाला. तिला फक्त देव्हारा कुठे हवा एवढे विचारले. तिला विचारले असते, तर कदाचित तिनेच पाच फूट म्हटले असते. पण अर्ध्या वाटेवर टेकायला एक रुंद पायरी मागितली असती, हाताला लोखंडी नळी मागितली असती, आणि ग्रॅनाइटऐवजी खरबरीत शहाबादी.

घरातल्या सुधारणांवर प्रवचनांतून बरेच कोरडे ओढले जातात. धान्याची कोठारे पाडून मोठी बांधू पाहणाऱ्या श्रीमंत माणसाचा दाखला अशा वेळी हमखास निघतो. मला तो इथे लागू करणे घाईचे वाटते. तीस वर्षे फुंकणीने चूल फुंकलेल्या बाईने उभ्याने स्वयंपाक करता येईल असा कडप्प्याचा ओटा मागितला, तर त्यात लोभ कसला? टाइल्स ही पूर येणाऱ्या गावात चैनही नाही. पाणी ओसरल्यावर शेणाने सारवलेली जमीन पुन्हा करावी लागते, टाइल्स धुऊन काढता येतात. विजेचे बोर्ड कमरेऐवजी डोक्याच्या उंचीवर घेणे, सामान उचलून ठेवायला माळा भक्कम करणे, कागदपत्रांची पेटी वरच्या मजल्यावर नेणे, या सुधारणा अनुभवाने शिकवल्या आहेत. दिखाऊपणा नसतो असे नाही. फाटकावरच्या सिंहांचा पुराशी काय संबंध, हे मला अद्याप कळलेले नाही. परंतु माणसाने घर नीटनेटके करणे आणि माणसाने घराचा गर्व करणे, या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. त्या ओळखायच्या तर घराकडे पाहून भागत नाही; त्या घरात कोण केव्हाही येऊ शकतो, ते पाहावे लागते.

याच तालुक्यात खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आहे, बाराव्या शतकातले, शिलाहारांच्या काळातले. त्याच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे. सारे देऊळ त्यांच्या पाठीवर उभे असल्यासारखे दिसते. आणि नृसिंहवाडीचे दत्तमंदिर नेमके उलटे, नदीच्या पात्रालगत, सखलात. दर पावसाळ्यात कृष्णेचे पाणी त्यात येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून येतात. पाण्याला अडवण्याऐवजी त्याला आत येऊन जाऊ देणारी ही वास्तू. बंधू-भगिनींच्या श्रद्धेचा तो विषय आहे. मला त्यातले एक शहाणपण मोलाचे वाटते, की येणार आहे त्याची जागा आधीच ठरवून ठेवलेली बरी. अर्थात पादुकांना फ्रिज नसतो, गादी नसते आणि मुलांची दप्तरे नसतात. संसाराला तेवढे निःसंग होता येत नाही.

संसाराला जमेल असे काहीतरी जुन्या करारात सापडते. अनुवादाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्यासाठी एक छोटीशी आज्ञा आहे : धाब्याला कठडा बांध, नाहीतर तिथून कोणी पडला, तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. त्या देशात धाबी सपाट असत. लोक तिथे बसत, झोपत, पाहुण्यांना नेत. आज्ञेत घराच्या आकाराविषयी एक अक्षर नाही, उंचीविषयी नाही, खर्चाविषयी नाही. तुझ्या घरावर दुसरा माणूस चढणारच, हे मात्र तिने गृहीत धरले आहे.

शिरोळमध्ये ते गृहीत अक्षरशः खरे ठरते. पुरात ज्याची गच्ची उंच, तिथे गल्ली गोळा होते. २०१९ साली घर सोडायला सांगितले तरी पुष्कळांचा पाय निघेना. कारण गोठ्यात जनावरे होती, आणि म्हैस जिना चढत नाही. निदान माणसांसाठी, पोत्यांसाठी, शेळ्या-करडांसाठी गच्ची उपयोगी पडते. म्हणून नवे घर बांधताना जिना घरातून घ्यावा की बाहेरून, हा प्रश्न जोत्याच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे. घरातून घेतला तर घर सुरक्षित राहते, आणि रात्री दोन वाजता पाणी वाढले तर शेजाऱ्याला आधी दार ठोठावावे लागते. बाहेरून घेतला तर कोणीही चढू शकतो, चोरसुद्धा. यावर काही घरांनी तोड काढलेली असते. जिना बाहेरून, पण खाली लोखंडी जाळीचे दार आणि त्याला कुलूप.

त्या कुलपाच्या दोन किल्ल्या असतात. एक घरात खिळ्याला टांगलेली. दुसरी पेटीत पडून राहते. ती मधल्या कौलारू घरात नेऊन द्यायला काही अडचण नसावी.