जळालेल्या घराची यादी

गेल्या वर्षी माघ महिन्यात चिखली तालुक्यातील एका खेड्यात आमच्या परिचयाच्या एका बंधूंचे घर जळाले. विजेच्या तारेची ठिणगी घरामागील सोयाबीनच्या कुटारावर पडली, आणि चिखलीहून बंब येऊन पोहोचण्याच्या आत पत्रे वाकून खाली आले. माणसे व गुरे वाचली, ह्याबद्दल आम्ही त्या राखेजवळच देवाचे आभार मानले. घर बँकेच्या कर्जातून बांधलेले होते, व कर्ज देतेवेळी बँकेने घराचा आणि सामानाचा विमा उतरविला होता. तो कागद बंधूंनी कधी वाचलेला नव्हता; आता तोच त्यांचा आधार झाला. तिसऱ्या दिवशी सामानाची यादी करण्यास त्यांनी आम्हांस बोलाविले, कारण तिच्याखाली साक्षीदार म्हणून आमची सही हवी होती.

निंबाखाली बाज टाकून आम्ही लिहावयास बसलो. गावातील चार जाणती माणसे भोवती जमली. त्यांपैकी एक गृहस्थ म्हणाले, “पास्तरसाहेब, कंपनीवाले निम्मे कापतातच. तुम्ही दुप्पट लिहा, म्हणजे खरे तेवढे हाती येईल.” त्यात काही वाईट आहे असे तेथे कोणासही वाटले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही तत्काळ उत्तर सुचले नाही. समोर बसलेल्या माणसाच्या अंगातील सदरा दुसऱ्याचा होता. अशा माणसास नीतीचा पाठ देणे सोपे असते, आणि म्हणूनच ते करताना संकोच वाटतो.

राखेस तोंड नाही. घरात दोन पितळी हंडे होते की चार, हे आता कोण सांगणार? मग एखादा हंडा अधिक लिहिला तर कोणाचे काय बुडाले?

प्रथम, ज्याचे बुडाले तो कोण हे पाहिले पाहिजे. कंपनी म्हणजे मुंबईतील एक मोठी इमारत, असे आपण समजतो. पण विम्याचा पैसा म्हणजे ज्यांची घरे जळाली नाहीत अशा हजारो कुटुंबांनी वर्षोवर्षी भरलेले हप्ते होत. एकाचे घर जळाले म्हणजे शेजाऱ्यांनी वर्गणी काढून पत्रे आणून द्यावे, ही रीत आपल्या गावातही आहे. भेद इतकाच की विम्यातील शेजाऱ्यांची तोंडे आपणांस दिसत नाहीत. मंडळीच्या वर्गणीसाठी कोणी खोटा हिशेब दिला तर आपण त्यास काय म्हणू, हे त्या गृहस्थांस विचारल्यावर ते थोडे हसले, आणि गप्प बसले.

दुसरे असे की, विम्याचा सारा व्यवहार शब्दावर उभा आहे. सन १७६६ मध्ये इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी एका खटल्यात हे स्पष्ट केले की, वस्तूची खरी माहिती एका पक्षासच असते व दुसऱ्याने त्याच्या सांगण्यावर विसंबून राहावयाचे असते, म्हणून येथे पूर्ण सचोटी हवी. ह्याच्या पुष्कळ आधी निर्गमाच्या २२ व्या अध्यायात हीच गोष्ट आली आहे. शेजाऱ्याकडे राखण्यास दिलेले जनावर कोणी पाहत नसता मेले, तर परमेश्वरासमोर शपथ व्हावी व धन्याने ती मान्य करावी, असा तेथे नियम आहे. जेथे साक्षीदार नाही तेथेच शब्दाची किंमत ठरते. आजच्या विमापत्रांतही अट असते की दाव्यात लबाडी आढळल्यास सगळाच दावा जातो. पण केवळ त्या भीतीने खरे लिहिणे हा काही मोठा सद्गुण नव्हे.

कपाशीची आग आपल्या भागातील लोकांस नवी नाही. म्हणून येथे एक जुनी हकीकत सांगतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ ह्या जहाजावर कापसाच्या गाठी पेटल्या. त्याच जहाजात दारूगोळा होता, आणि सोन्याच्या विटाही होत्या. दुपारी चारच्या सुमारास दोन स्फोट झाले. शेकडो माणसे मेली, त्यांत आगीशी झुंजणारे बंबवाले पुष्कळ होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन आजही पाळतात. नुकसानभरपाईकरिता सरकारास त्याच वर्षी स्वतंत्र वटहुकूम काढावा लागला. त्या दिवशी एक सोन्याची वीट दूरवर उडून एका पारशी गृहस्थांच्या घरात येऊन पडली. त्यांनी ती अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केली. त्या गोंधळात ती ठेवून घेतली असती तर कोणी विचारले असते की नाही, ह्याची शंकाच आहे.

ही हकीकत आम्ही निंबाखाली सांगितली. बंधू म्हणाले, “ते श्रीमंत असतील, साहेब.” ह्यावर आम्हांपाशी उत्तर नव्हते, व आजही नाही.

यादी पुढे सरकली. बंधूंनी ‘लोखंडी कपाट एक’ असे लिहविले. तेव्हा त्यांच्या पत्नी, ज्या इतका वेळ भिंतीशी बसून होत्या, हळूच म्हणाल्या, “अहो, ते कपाट आपण पोरीला नाही का दिले? ते तर मेहकरला तिच्या घरी आहे.” बंधूंनी मान खाली घातली. आम्ही ती ओळ खोडली. मग बाईच बोलू लागल्या, आणि आमच्या ध्यानात आले की खोटेपणा दुसऱ्या बाजूसही असतो. शिलाई यंत्र, सात गोधड्या, वर्षाचे गहू व डाळ, मुलाची शाळेची पुस्तके, हे काहीच बंधूंनी लिहविले नव्हते. “असल्या वस्तू काय लिहावयाच्या” अशी त्यांना लाज वाटत होती. आपले जे खरोखर गेले ते न लिहिणे ह्यास आम्ही नम्रता म्हणत नाही; तीही अपुरी यादी होय. पावत्या जळाल्या होत्या, परंतु मुलीच्या लग्नाच्या छायाचित्रांत यंत्र व पलंग दिसत होते, आणि दुकानदाराने जुन्या बिलाची नक्कल दिली.

ज्या वाचकांवर असा प्रसंग येईल त्यांनी राख लगेच उपसू नये. कंपनीस व बँकेस त्याच दिवशी कळवावे, पोलिसांत नोंद व पंचनामा करून घ्यावा, बंबवाल्यांचा दाखला मागावा, आणि सर्वेक्षक येऊन पाहून जाईपर्यंत जळके सामान तसेच ठेवावे. प्रत्येक कागदाची नक्कल आपणापाशी असावी. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाचा एकसारख्या अटींचा विमा देशातील सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळतो. तो घेताना घराबरोबर सामानही त्यात आहे ना, हे वाचून पाहावे. दागिने व रोकड सहसा त्यात येत नाहीत.

सर्वेक्षक आले, तास दीड तास फिरले. रक्कम मंजूर झाली, पण घराचा पैसा प्रथम बँकेच्या कर्जखात्यात गेला, आणि सामानातून बरेच कापले गेले. शिलाई यंत्र तर मुळीच धरले नाही. “पाहा, दुप्पट लिहावयास हवे होते,” असे ते गृहस्थ आम्हांस चिखलीच्या बाजारात म्हणाले. सचोटीने लिहिले म्हणून पुरते मिळते असे आम्ही कोणास वचन देऊ शकत नाही.

बंधूंनी कंपनीकडे लेखी तक्रार केली आहे, आणि सोबत लग्नाचे ते छायाचित्र जोडले आहे. महिन्याभरात समाधान न झाल्यास पुण्याच्या विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. तो अर्ज लिहिण्यास येत्या शनिवारी आम्ही पुन्हा त्या निंबाखाली बसणार आहोत. बाईंनी सांगून पाठविले आहे की गोधड्या सात नव्हत्या, सहाच होत्या. एक बाळंतपणास गेलेल्या सुनेबरोबर होती, ती दुरुस्ती अर्जात करावी.