लहान्याची कुऱ्हाड

सरळ सवाल टाकतो. बहिणीची अब्रू वाचावी म्हणून भावानं तिलाच मारलं, तर त्याला प्रेम म्हणायचं का?

गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ 1980 सालचा. पटकथा विजय तेंडुलकरांची. सिनेमा हिंदी, पण माणसं आपल्याच मुलखातली. लहान्या भिकू हा आदिवासी मजूर. त्याची बायको नागी बड्यांच्या वासनेची शिकार होते, जिवानिशी जाते, आणि तिच्या खुनाचा आरोप लहान्यावरच येतो. वकील विचारून थकतो, लहान्या बोलत नाय. शेवटी बाप मरतो. बेड्या घालून त्याला सरणापाशी आणतात. तिथं तरण्या बहिणीवर टपलेली नजर त्याला दिसते. तो कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीला तोडतो. मग आभाळ फाटेल असं ओरडतो.

आमच्या बोळिंजमधल्या पोरांत या सिनेमावर बोलणं निघालं की सगळे म्हणतात, तो ओरडा म्हणजे आपला ओरडा. हजारो वर्षं दाबलेला. खरंय. बेड्यातल्या माणसाचा हात बड्यांच्या मानेपर्यंत पोचत नाय, हेच सिनेमाला दाखवायचंय. ओम पुरीचा तो चेहरा बघून माझीही झोप उडाली. पण मला पुढं विचारायचंय: कुऱ्हाड पडली कुणावर? ज्यांनी नागीला खाल्लं ते जिवंत. मेली ती जिनं कुणाचं काय केलं नव्हतं. आणि तिला कुणी विचारलं होतं का, बाई, तुला जगायचंय की मरायचंय?

लहान्यानं जे ठरवलं त्याच्या मुळाशी एक समजूत आहे. बाई बाटली की संपली. बाटण्यापेक्षा मेलेली बरी. आता ही समजूत कुणाची? बलात्कार करणाऱ्याचीही हीच. त्यालाही ठाऊक असतं की बाईला हात लावला की तिच्या घराची, वस्तीची मान खाली जाते. म्हणून तर तो हात लावतो. म्हणजे मालक आणि भाऊ एकमेकांचे वैरी, पण बाईच्या देहात घराण्याची इज्जत ठेवलेली असते यावर दोघांचं एकमत. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात जातींवर निबंध वाचला. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या वाटांनी बाईला कोंडूनच जात टिकते, हे त्यांनी तेव्हा मांडलं. मग जात मोडायला निघालेला माणूस घरी येऊन बहिणीच्या दाराला तेच कुलूप लावत असेल, तर तो काय मोडतोय?

आता गप राहण्याचं बघा. लहान्या सबंध सिनेमाभर गप. त्याच्या गप्पपणात भीती आहे, राग आहे, दहशत आहे, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाय. पण 26 मार्च 1972 च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी पोरीवर पोलिसानं बलात्कार केला. (तिचं नाव सगळ्या देशानं वापरलं. मी वापरणार नाय.) ती मजुरी करणारी, अल्पवयीन. तिला एका पोराशी लग्न करायचं होतं. भावानं पळवून नेल्याची तक्रार दिली, म्हणून ती ठाण्यात आलेली. इथंही भावाला काळजीच होती. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयानं शिक्षा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. कारण काय? अंगावर जखमा नायत, म्हणजे झुंजली नाय, म्हणजे संमती. पुरुष गप राहिला तर त्याची वेदना. बाई गप राहिली तर तिची कबुली.

मी साचे चालवतो. त्या खडखडाटात जॉबर काहीबाही सांगून जातो, आम्ही गप. तो धरून चालतो की कबूल. आम्ही गप का, ते आम्हाला ठाऊक. पाळी जाईल, पोटावर पाय येईल. ज्याच्या हातात भाकरी त्याच्यापुढं गप राहणं म्हणजे होकार नव्हे, एवढं कुठल्याही कामगाराला कळतं. मग ठाण्याचं दार लावून घेतलेल्या पोलिसापुढची पोरगी आपल्याला का कळू नये?

1979 च्या सप्टेंबरात चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. 1980 मध्ये बाया रस्त्यावर आल्या. 1983 साली कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्टानं तेच धरून चालायचं. 2013 साली आणखी लिहिलं गेलं की झुंजली नाय एवढ्यावरून संमती ठरत नाय. हे कुऱ्हाडीनं झालं नाय. बाईचा शब्द ऐकायला भाग पाडलं म्हणून झालं.

कुणी म्हणेल, आपल्या बायांवरचा हल्ला हा एकट्या बाईवरचा नसतो, तो जातीवरचा असतो. खैरलांजी विसरलास काय? नाय विसरलो. 29 सप्टेंबर 2006. एका घरातली चार माणसं संपवली आणि 2008 च्या निकालात कोर्टानं ॲट्रॉसिटीचा कायदासुद्धा लागू धरला नाय. हल्ला जातीवर असतो, म्हणून लढाई सगळ्यांची. पण जखम तिची असते. मोर्चा निघतो, घोषणा घुमतात, आणि ती घरात बसून ऐकते की आपली इज्जत लुटली गेली. इज्जत लुटणाऱ्याची गेली. तिची कशी जाईल? बाबासाहेबांनी दिलेलं माणूसपण असं कुणाच्या हात लावण्यानं जात असेल, तर ते आपल्याला कळलंच नाय.

इथं विरारच्या पहाटेच्या गाडीला लोंबकळत पोरी कामाला जातात. गेटापाशी कुणी छेडलं तर घरी सांगत नायत. सांगितलं तर भाऊ पहिलं काम बंद करेल, हे त्यांना माहीत असतं. काम बंद, शिक्षण बंद, बाहेर पडणं बंद. ही लहान्याचीच कुऱ्हाड, फक्त धार बोथट.

म्हणून पुढच्या बैठकीत अत्याचाराचा विषय निघाला, तर निवेदन लिहायच्या आधी आपल्यात बाया किती बसल्यात ते मोजा. नसतील तर बैठक पुढं ढकला. आणि बहीण काय झालं ते सांगायला लागली, तर मध्ये बोलू नका. तिचं पुरतं ऐका. पुढं काय करायचं तेही तिलाच विचारा.