मातीचे मास्तर

पुतळा त्या माणसासारखा दिसावा की मोठ्या माणसासारखा, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आपला पुतळा कोणी उभारणार नाही, याची खात्री असली की असले प्रश्न पडत नाहीत. पण खाप्यात आमच्या ड्रॉइंग मास्तरांचा अर्धपुतळा बसवायचं ठरलं आणि कमिटीत माझं नाव गेलं. (वर्गणी वेळेवर दिल्याची शिक्षा!)

मातीचा नमुना बघायला आम्ही मूर्तिकाराकडे गेलो. त्याने ओलं फडकं दूर केलं. आत कोट, टाय आणि ताठ मान. अध्यक्ष खूष. "वा! अगदी कलेक्टर!"

आमचे मास्तर तिरळे होते. इथे दोन्ही डोळे सरळ, समोर.

मूर्तिकाराची बाजू घ्यायला मी रोदँ काढला. (कमिटीत एकाने तरी परदेशी नाव काढावंच लागतं.) चित्रकार क्लोद लोरँ 1682 साली वारला, रोदँने केलेलं त्याचं स्मारक फ्रान्समध्ये नान्सीला 1892 साली उभं राहिलं. दोनशे वर्षांनी चेहऱ्याबद्दल कुरकुर करायला ओळखीचं कोण उरणार? तर लोकांनी चौथऱ्यावरच्या घोड्यांवर टीका केली, आणि रोदँला ते पुन्हा हाताळावे लागले!

पण आमच्याकडे ओळखीचं माणूस होतं. मास्तरीणबाई पुढे झाल्या, नीट निरखून म्हणाल्या, "हे कोन होय जी? यायनं तर जन्मात कोट नाही घातला."

"बाई, माती ओली आहे तोवर सांगा," मूर्तिकार म्हणाला. "साचा घेऊन ब्राँझ ओतलं, की माझ्या हातात काही नाही." आणि अंगठ्याच्या दोन फटकाऱ्यांत त्याने टाय काढला.

डोळ्याचं मात्र कोणी बोलेना. त्या डोळ्यावरून शाळेत मास्तरांना नाव ठेवणारा मीच. तिरळा ठेवावा, तर माझी थट्टा ब्राँझमध्ये कायमची. सरळ करावा, तर चौकात उभं राहून खोटं बोलणं. मी आपला चहा मागवला.

"आन् डोया?" बाईच म्हणाल्या. "होता तसाच करा. मले पाह्यले आले, तं त्याच डोयानं पाह्यलं त्यायनं. मी समजली, माह्या बहिणीकडे पाहून राह्यले."

अध्यक्षसुद्धा हसले. डोळा तिरळा झाला.

साचा निघाल्यावर मूर्तिकाराने सांगाड्यावरची माती ओरबाडून हौदात टाकली. महिन्याभराने मी गेलो, तर तो त्याच मातीतून एका पुढाऱ्याचं नाक वळत होता.

"मास्तर कुठे आहेत?" मी विचारलं.

"कान अजून हौदात असतील," तो म्हणाला. "डोळ्याचं सांगता येत नाही."