तारणाची वाट कशी पाहावी?



चौल-रेवदंडा-अलिबाग या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला बेने इस्राएल लोक अनोळखी नाहीत. रेवदंड्यात त्यांचे बेथ एल सिनेगॉग आहे, अलिबागेत इस्राएल आळी आहे. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून आपल्या पूर्वजांनी त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले, ७ पुरुष आणि ७ स्त्रिया वाचल्या व त्यांच्यापासून आपला समाज वाढला, असे त्यांची परंपरा सांगते. धर्मग्रंथ समुद्रात गेले. पण शब्बाथ, सुंता आणि देव एकच आहे असे सांगणारी ‘शमा’ ही प्रार्थना त्यांच्यापाशी राहिली.

या समाजाच्या इतिहासातील एक प्रसंग विचार करायला लावणारा आहे. १८९७ साली स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात थिओडोर हर्झल यांच्या पुढाकाराने पहिली झायोनवादी परिषद भरली. जगभर विखुरलेल्या यहुदी लोकांना स्वतःची भूमी मिळावी, हा तिचा हेतू होता. मुंबईच्या बेने इस्राएलांनाही बोलावणे आले. त्यांनी नम्रपणे नकार दिला. आम्हांला सियोनाकडे परत नेणारा हात देवाचा असेल, त्याची आम्ही वाट पाहत आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले. त्यावेळी भारतात सुमारे २०,००० बेने इस्राएल होते. त्यांतील बहुतेक कुटुंबे पुढील काही दशकांत तिकडे गेली. आज येथे थोडेच उरले आहेत.

मग बरोबर कोण? देवावर भरवसा ठेवून थांबलेले आजोबा, की बोटीत बसून निघालेला नातू? हा प्रश्न केवळ त्यांचा नाही. आपण देवाकडे काही मागतो आणि मग हात जोडून बसायचे की हातपाय हलवायचे, हे आपल्याला कळेनासे होते, तेव्हा तो आपलाही असतो.

पवित्र शास्त्रात या प्रश्नाची दोन्ही टोके आहेत. यहेज्केल संदेष्ट्याने वाळलेल्या हाडांचे खोरे पाहिले. तेथे हाडे स्वतः काहीच करत नाहीत, देवाचा श्वास त्यांना उभे करतो. उलट यिर्मयाने बाबेलच्या बंदिवानांना पत्र लिहिले, त्यात घरे बांधा, बागा लावा आणि ज्या शहरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे सांगितले. ख्रिस्तपूर्व ५३८ मध्ये सुटका झाली ती पारसाचा राजा कोरेश याच्या हुकुमाने. यहुदी नसलेल्या या राजाला यशयाच्या ग्रंथात देवाचा अभिषिक्त म्हटले आहे. आकाश फाटले नाही, एका राजाने फर्मान काढले. तरीही संदेष्ट्याने त्यात देवाचा हात ओळखला.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडल्यावर यहुदी धर्मगुरूंनी या वचनांचा पुन्हा शोध घेतला, आणि त्यांच्यात एकमत झाले नाही. तल्मूदमध्ये तीन शपथांचा उल्लेख आहे. इस्राएल लोकांनी बळाने, एकगठ्ठा त्या भूमीत चढून जाऊ नये, ही त्यांतील एक. १३ व्या शतकातील नाहमानिदेस यांनी मात्र त्या भूमीत राहणे ही प्रत्येक पिढीवर बंधनकारक असलेली आज्ञा मानली. १२ व्या शतकातील थोर तत्त्वज्ञ मायमोनिदेस यांच्या मते मसीहाच्या काळातही सृष्टीचे नियम बदलणार नाहीत. लांडगा कोकराजवळ राहील, याचा अर्थ बलवान आणि दुर्बळ शांततेने नांदतील. विसाव्या शतकात रब्बी कूक यांना भूमीकडे परतणे ही तारणाची पहाट वाटली, तर रब्बी तैतेलबाउम यांना तो देवाच्या हातून घड्याळ हिसकावण्याचा प्रकार वाटला.

या वादाचे मूळ यशयाच्या साठाव्या अध्यायाच्या अखेरच्या ओळीत दिसते. तेथे देव तारणाविषयी एका दमात दोन गोष्टी सांगतो. ते त्याच्या वेळेवर होईल आणि मी त्याची त्वरा करीन. वेळ ठरलेली असेल तर त्वरा कशी? तिसऱ्या शतकातील रब्बी यहोशवा बेन लेवी यांनी याची उकल केली. लोक पात्र ठरले तर देव त्वरा करील, नाही ठरले तर वेळ आल्यावर करील. म्हणजे तारण देवाचे दान आहेच, पण आपले वागणेही त्याच्या हिशेबात धरले आहे. माझ्या मते येथे आजोबा आणि नातू दोघांनाही जागा आहे. थांबणे किंवा निघणे यावर श्रद्धा ठरत नाही. थांबताना आपण कसे जगलो आणि पोहोचल्यावर कसे वागलो, यावर ती ठरते.

पोहोचल्यावर काय झाले, हेही सांगितले पाहिजे. पिढ्यानपिढ्या कोकणात शब्बाथ पाळलेल्या या लोकांच्या विवाहांसाठी त्यांच्या वंशाची चौकशी करावी, असा आदेश इस्राएलच्या मुख्य धर्मपीठाने १९६२ साली काढला. तुम्ही खरे यहुदी आहात का, असाच त्याचा अर्थ होता. बेने इस्राएलांनी निदर्शने केली. अखेर १९६४ साली तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी आहेत, असे जाहीर केले. भूमी मिळाली, पण भावाने दार उघडायला वेळ लावला. संदेष्ट्यांनी परतण्याच्या वचनाबरोबर विधवा, अनाथ आणि परका यांना न्याय देण्याची अट सतत का जोडली, ते येथे कळते. म्हणून कोणत्याही वचनाचा वापर दुसऱ्याला बेघर करण्यासाठी किंवा हीन लेखण्यासाठी होत असेल, तर ते वाचन तपासून पाहिले पाहिजे. मग वाचणारा यहुदी असो वा ख्रिस्ती, आणि बेघर होणारा पॅलेस्टिनी असो वा आपल्याच गावातला.

व्हॅटिकनच्या पवित्र शास्त्र आयोगाने २००१ साली स्पष्ट केले की यहुदी लोकांची मसीहाची प्रतीक्षा व्यर्थ नाही, उलट आपल्या प्रतीक्षेला ती चेतना देऊ शकते. प्रभू येशूच्या ठायी वचनपूर्ती झाली, असा आपला विश्वास आहे. तरी आपणही त्याच्या पुनरागमनाची वाट पाहतोच.

बेने इस्राएल घरांत शुभप्रसंगी मलिदा करतात. पोहे, गूळ, खोबरे आणि फळे ताटात मांडून एलिया संदेष्ट्याचे स्मरण होते, कारण तारणाची बातमी तोच आणणार आहे. या एलियाची एक कथा तल्मूदमध्ये आहे. याच रब्बी यहोशवांनी त्याला विचारले, मसीहा कुठे आहे? एलिया म्हणाला, रोमच्या वेशीवर, रोग्यांमध्ये बसलेला. इतर रोगी जखमांच्या सर्व पट्ट्या एकदम सोडतात. तो मात्र एक सोडतो, बांधतो, मग दुसरी सोडतो. बोलावणे आले तर उशीर होऊ नये म्हणून. रब्बींनी त्याला गाठून विचारले, कधी येणार? तो म्हणाला, आज. पण तो आला नाही. एलियाने समजावले की आज म्हणजे, तुम्ही आज देवाची वाणी ऐकाल तर.

१७४० साली पोर्तुगीज निघून गेले, तेव्हा आपले ख्रिस्ती पूर्वजही मागे राहिले. खाडीपलीकडे कोर्लईत त्यांनी श्रद्धा आणि बोली दोन्ही जपली. तेव्हा वाट पाहणे आपल्याही रक्तात आहे. आज आपली मुले मुंबईला, आखातात जातात, घरांत म्हातारी माणसे राहतात. त्यांच्या दारात या आठवड्यात कोण जाणार? एका वेळी एकच पट्टी, पण ती आज बांधू या.