ओळंबा आणि धक्का

अमेरिकेतल्या पिनबॉल या खेळात नीतिशास्त्र शोधणे ही मास्तरकीची खोडच म्हणायची. तरीही एक जुना प्रश्न त्या खेळात फार स्वच्छ मांडलेला मला दिसतो. नशिबाला हात लावण्याचा माणसाला अधिकार किती, आणि कुठवर?

आमच्या पिढीतल्या काही घरांत खिळे ठोकलेली बॅगाटेलची फळी असे. पिनबॉल हे तिचेच अमेरिकेत वाढलेले अपत्य. काचेखाली खेळाडूकडे उतरती फळी, तिच्यावर सुमारे ८० ग्रॅम वजनाची पोलादी गोळी, आणि ती खाली पडू नये म्हणून बटण दाबताच उडणारे दोन फ्लिपर. हे फ्लिपर आले १९४७ साली, गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात. त्याआधी गोळी एकदा दांड्याने सोडली की खेळाडूच्या हाती उरे तो फक्त धक्का. तळहाताने किंवा कमरेने पेटी किंचित सरकवायची. गंमत अशी की या धक्क्याने गोळी हलत नाही, हलतो तो खिळा. गोळी खिळ्याला भिडण्याच्या नेमक्या क्षणी तो सरकला तरच तिची वाट बदलते. ती मोकळ्यावर असताना कितीही रेटा दिला तरी फारसा उपयोग होत नाही.

न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ साली हा निव्वळ नशिबाचा खेळ, म्हणजे जुगार, ठरवून त्यावर बंदी आणली आणि यंत्रे घणाने फोडवली. ती उठली १९७६ मध्ये. रॉजर शार्प नावाच्या तरुणाने नगरपरिषदेच्या मंडळींसमोर गोळी कुठून जाईल ते आधी सांगितले आणि तिथूनच घालून दाखवली.

पण धक्क्याला आवर हवाच. हॅरी विल्यम्स याने १९३०च्या दशकात त्यासाठी 'टिल्ट'ची युक्ती काढली. पुढे रूढ झालेली तिची रचना साधी आहे. पेटीच्या आत गवंड्याच्या ओळंब्यासारखे वजन टांगलेले, त्याभोवती धातूचे कडे. धक्का जोराचा झाला की ओळंबा कड्याला टेकतो, वीजमंडल पुरे होते, फ्लिपर मरतात आणि त्या गोळीवर साठलेला बोनसही जातो. आजची यंत्रे बहुधा आधी एकदोन इशारे देतात.

मला विचारात पाडते ते ओळंबा आणि कडे यांच्यामधले अंतर. ते मुद्दाम ठेवलेले आहे. धक्का मुळीच नको असता तर पेटी जमिनीत पुरता आली असती. म्हणजे इतका हट्ट खेळानेच मान्य केला आहे. मग ओळंबा टेकला नाही ते सारे रास्त, असे म्हणावे का?

शिकागोजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याने मला 'डेथ सेव्ह' नावाचा प्रकार दाखवला. गोळी फ्लिपरच्या खाली घसरलेली, हातची गेलेली. अशा वेळी पेटीला असा हिसका द्यायचा की ती खालच्या भिंतीवरून उसळून परत वर यावी. सरावलेला हात ओळंबा टेकू न देताही हे साधतो. तरी अनेक स्पर्धांत त्याला मनाई आहे. यंत्राला आणि मनगटाला इजा होते हे एक कारण झालेच. मला मात्र वाटते, खिळ्यापाशी दिलेला धक्का गोळी खेळात असताना दिलेला असतो, आणि हा निकाल लागल्यावर. पहिला प्रयत्न आहे, दुसरा निकालाला नकार.

आपल्या भाषेत 'ढकलपास' हा शब्द उगाच नाही. आमच्या सीमाभागातल्या मराठी मुलाला कन्नडचा पेपर जड जातो. मागे नववीच्या निकालाच्या आदल्या दिवशी एक पालक कचेरीत आले. मुलगा कन्नडात दोन गुणांनी राहिला होता. "सर, दोनच मार्क. जरा वर ढकला की!" मंडळाच्या नियमाने मिळणारे वाढीव गुण कड्याच्या आतले, ते देऊन झाले होते. आता पेन उचलले असते तर मला विचारणारे कोणी नव्हते. माझा ओळंबा टेकणार नव्हता. गुण मी दिले नाहीत. फेरपरीक्षेला पंधरा दिवस होते, तेवढे दिवस रोज सकाळी त्याला बसवून घेतले. पालकांना हा कोरडेपणा वाटला. अजून बाजारात भेटले तर मान वळवतात.

त्यांची बाजू मला कळत नाही असे नाही. गोळी ज्याची असते त्याला ती पडताना बघवत नाही. पण त्या पेटीवर एकटा खेळाडू नसतो. वर्गात काठावरची आणखी चार मुले होती. त्यांचे वडील आले नव्हते, कारण त्यांना त्या दिवशीची मजुरी बुडवून येणे परवडणारे नव्हते.

पिनबॉलच्या स्पर्धेत चार जण एकाच यंत्रावर आळीपाळीने खेळतात. एकाने जोराचा धक्का दिला आणि त्याची गोळी संपली, तरी आत ओळंबा झुलतच असतो. पुढच्याने लगेच गोळी सोडली तर त्याच्या साध्या स्पर्शानेही टिल्ट होऊ शकते. म्हणून जाणता खेळाडू दांड्यावर हात ठेवून थोडा थांबतो, आतले झुलणे थांबेपर्यंत.