आदराचे गणित

जिभेबरोबर मनुष्याचा देहही बोलत असतो. नजर, हातवारे, मौन या सर्वांना अर्थ असतो, आणि तो समाजागणिक बदलतो. दोन व्यक्तींनी परस्परांपासून किती अंतर राखावे याचेही संकेत निरनिराळे असतात, हे एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली आपल्या ग्रंथात विशद केले. आज हीच अबोल भाषा संगणकाच्या पडद्यावर बोलणाऱ्या आभासी पात्रांना शिकविली जात आहे.

जर्मनीतील आउग्सबुर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात जपानी सहकाऱ्यांसमवेत असा प्रयत्न केला. दोन्ही देशांतील माणसांच्या भेटी त्यांनी चित्रित केल्या: पहिली ओळख, वाटाघाट, वरिष्ठाशी संभाषण. जपानी संभाषणांत विराम अधिक आढळले. अशा निरीक्षणांवरून पात्रांची वागणूक ठरविण्यात आली.

येथे पहिला नैतिक प्रश्न उभा राहतो. मोजमापातून हाती येते ती सरासरी, आणि सरासरी जपानी मनुष्य कुणाच्याही घरी पाहुणा म्हणून येत नाही. येतो तो एखादा बडबड्या, एखादी संकोची, एखादा परदेशी वाढलेला. मग हा खटाटोप सोडून द्यावा काय? तेही न्याय्य नाही. काहीच न शिकविलेले पात्र तटस्थ नसते. ते आपल्या निर्मात्याच्याच रीतीने वागते आणि तीच रीत जगाची म्हणून मिरवते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात अमेरिकन सैनिकांसाठी एक संगणकीय खेळ तयार झाला. त्यातील आभासी इराकी पात्रांशी बोलत सैनिकाने अरबी भाषा आणि छातीवर हात ठेवण्यासारखे शिष्टाचार शिकावेत, अशी योजना होती. खांद्यावर बंदूक असलेल्याने छातीवर ठेवलेला हात आदराचा मानावा की डावपेचाचा?

तो शिकलेला आहे एवढ्यावरून त्याला खोटा ठरविता येणार नाही. नमस्कार तरी आपण कुठे उपजत घेऊन येतो? थोरांकडे पाहूनच तो अंगवळणी पडतो. कसोटी पुढे लागते. समोरचा मनुष्य शिकलेल्या नमुन्याप्रमाणे वागला नाही, तर आपण नमुना बाजूला ठेवतो, की त्या मनुष्यालाच चुकीचा ठरवितो? पडद्यावरचे पात्र आपल्याला उंबरठ्यापर्यंत नेऊ शकेल. आत कोण राहते, हे मात्र दार उघडणाऱ्याकडूनच ऐकावे लागते. आणि तसे ऐकण्याची तयारी हाच आदर होय.