पहिले पाऊल कोणी टाकायचे?



रात्री महामार्गावर एखादी गाडी लुटली गेली की सकाळी तेरखेड्यात चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतोच, "दुसरं कोण असणार?" नाव घ्यावे लागत नाही; सगळ्यांच्या नजरा पारधी वस्तीकडे वळतात. मग तपासाची गाडीही आधी तिकडेच गेली, तर आपल्याला नवल वाटत नाही. एरवी आपणच म्हणतो, लोकांचा पोलिसांवर विश्वास नाही. तो कुठे तुटला, हे मात्र आपण विचारत नाही.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. माणसाने काय केले यापेक्षा तो कोणाच्या पोटी जन्मला, हे पाहण्याची रीत त्याने घालून दिली. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो रद्द केला. कायदा गेला, नजर राहिली. पोलिसांची आणि आपलीही.

कृत्याचा तपास हे कर्तव्य आहे, जन्मावरून संशय हा अन्याय आहे. ज्याला आपली फिर्याद कुणी ऐकणार नाही असे वाटते, तो साक्ष द्यायलाही पुढे येत नाही. साक्ष मिळत नाही म्हणून धाक वाढतो. हे चक्र कोणी थांबवायचे? आम्हाला वाटते, ज्याच्या हाती काठी आहे त्याने आधी. कारण विश्वास ठेवून फसगत झाली, तर दुबळ्यालाच जास्त सोसावे लागते.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात असे पाऊल पडले. २०२१ साली ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केले. हातभट्टीवर नुसते छापे घालून भागत नव्हते. म्हणून मुळेगाव तांड्यासारखी गावे अधिकाऱ्यांनी दत्तक घेतली, लोकांशी बोलणे सुरू केले आणि दुसऱ्या रोजगारासाठी मदत केली.

दुसरे पाऊल आपले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. पण वस्तीवरच्या एखाद्या माउलीला ठाण्याची पायरी चढायची भीती वाटत असेल, तर आपण तिच्यासोबत जाऊ का? डोळ्यांनी पाहिले असेल, तर साक्ष देऊ का? चांगले वागलेल्या शिपायाचे चारचौघांत कौतुक करू का?

आणि टपरीवर पुन्हा कुणी "दुसरं कोण असणार?" म्हणाले, तर शांतपणे एवढेच विचारू या : "तुम्ही पाहिलंत का?"

आपले धर्मगुरू